विचारून घेतलेला देह

वैद्यकीय शिक्षणासाठी बेवारस मृतदेह वापरू नयेत, ज्याने जिवंतपणी स्वतःच्या सहीने संमती दिली त्याचाच देह विद्यार्थ्यांपुढे यावा, असं आता माझं ठाम मत झालं आहे. नोकरीच्या बहुतेक वर्षांत मी याच्या नेमकी उलट बाजू मांडत आले. वर्गात मांडली, विभागाच्या बैठकीत मांडली, परीक्षक म्हणून दुसऱ्या महाविद्यालयात गेले की तिथेही मांडली. ज्यांनी तेव्हा माझं ऐकून घेतलं, त्यांना आताचं माझं म्हणणं आणि ते कशामुळे बदललं हेही कळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

मी सापगावची. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की भातसा नदीवरचा पूल येतो, तिथलं आमचं गाव. घरची भातशेती. गावची शाळा, मग शहापूर, मग मुंबई अशी शिकत गेले. एमबीबीएस झाल्यावर पुढे काय घ्यायचं हे ठरवताना मैत्रिणी मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग यांच्या मागे होत्या. मी ॲनाटॉमी घेतली, आणि आवडीने घेतली. पहिल्या वर्षाला आलेलं अठरा वर्षांचं पोर डिसेक्शन हॉलच्या दारात पाय अडखळून उभं राहतं आणि वर्ष सरताना तेच पोर मानेतल्या नसांची नावं न बघता सांगतं, हा बदल घडवण्यात जे समाधान आहे ते मला दुसरीकडे मिळालं नसतं.

माझं आधीचं मत असं होतं. डॉक्टर घडवायचा तर माणसाचा देह लागतो. देह दोन वाटांनी येतो, एक देहदानातून आणि दुसरा बेवारस म्हणून. देहदान करणारे थोडे आणि विद्यार्थी पुष्कळ. मग ज्याच्या मागे कोणी आलं नाही, त्याचा देह जाळून टाकण्याऐवजी शंभर डॉक्टरांच्या शिक्षणासाठी वापरला, तर बिघडलं काय? दुखावलं जाणारं कोणी नाही आणि फायदा सगळ्या समाजाचा. शिवाय कायद्याचा आधार आहे. मुंबई प्रांताने १९४९ साली केलेला ॲनाटॉमी ॲक्ट आजही महाराष्ट्रात लागू आहे. रुग्णालयात, तुरुंगात किंवा सार्वजनिक जागी मरण आलेल्या आणि ठरलेल्या मुदतीत कोणी ताब्यात न घेतलेल्या माणसाचा देह शिक्षणासाठी देण्याची सोय या कायद्याने केली आहे. मी म्हणायचे, हॉलमध्ये भावनेला जागा नको; तिथे शिस्त हवी, स्वच्छता हवी आणि बारकाईने बघण्याची सवय हवी.

यातला पहिला भाग, देह लागतोच, हा मला आजही पुरता मान्य आहे. पुस्तक आणि पडदा यांवर भागत नाही, हे शिकवणाऱ्याला रोज दिसतं. वाचकाने स्वतःच्या हातावर एक करून बघावं. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध कातडीखाली एक ताठ कंडरा वर येते. ती पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूची. काहींच्या हातावर ती उमटतच नाही, काहींच्या एकाच हातावर असते. नसली तरी पकडीत काही फरक पडत नाही, म्हणून दुसरीकडची कंडरा तुटली तर सर्जन पुष्कळदा हीच काढून तिथे जोडतात. पुस्तकात ती प्रत्येक चित्रात आहे. टेबलावर मात्र कधी असते, कधी नसते. मूत्रपिंडाचंही तसंच. पुस्तकात प्रत्येक मूत्रपिंडाला एक रोहिणी. प्रत्यक्षात तीन-चार माणसांमागे एकाकडे जादाची रोहिणी निघते. ही जादाची रोहिणी पहिल्यांदा हॉलमध्ये भेटली तर ठीक, पहिल्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर भेटली तर रोग्याच्या जिवाशी गाठ.

प्रत्यक्ष न बघता लिहिलं की काय होतं, याचा दाखला इतिहासात आहे. गेलनने माकडं आणि इतर जनावरं फाडून माणसाचं शरीर वर्णिलं आणि पुढे तेराशे वर्षं युरोपातले वैद्य माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असं शिकवत राहिले. १५४३ साली व्हेसॅलियसने माणसाचे देह उघडून तो एकच असल्याचं छापून दाखवलं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हीच शिकवण फार आधीपासून आहे. विषाने न मेलेल्या, दीर्घ आजाराने न झिजलेल्या, धडधाकट माणसाचा देह घ्यावा, आतड्यांतला मळ काढावा, मुंज, कुश, ताग यांत गुंडाळून पिंजऱ्यात घालावा आणि आडजागी वाहत्या पाण्यात ठेवावा. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हलक्या हाताने घासत कातडीपासून आतपर्यंत एकेक थर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, असा तो विधी. मधल्या काळात हे मागे पडलं. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं, १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि आजची परंपरा बसली. ज्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ने जगभरच्या डॉक्टरांना शिकवलं, त्या पुस्तकातली चित्रं काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर पुस्तक निघालं त्याच वर्षी, १८५८ साली, मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकलमध्ये ॲनाटॉमी शिकवू लागला. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जनही होता.

आणि हे ज्ञान शहरातल्या मोठ्या रुग्णालयांपुरतं नाही. आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या उघडत नाहीत, घोट गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास चालवणारे स्नायू थांबतात. अशा वेळी सापाच्या विषावरची लस तर हवीच, पण वेळेत श्वासनलिकेत नळी घालून श्वास चालू ठेवणारा डॉक्टरही हवा. घशात दोन वाटा आहेत, पुढची श्वासनलिका आणि तिला लागून मागे अन्ननलिका. नळी मागच्या वाटेने गेली तर हवा पोटात जाते आणि माणूस हातचा जातो. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला बसलेल्या नव्या डॉक्टरला तिथे विचारायला कोणी नसतं. मधोमध कापलेल्या मानेच्या नमुन्यावर त्याने स्वरतंतूंची जागा स्वतः बोट लावून पाहिलेली असेल, तर तेच त्या रात्री कामी येतं.

तेव्हा शंका देह हवा की नको ही नव्हतीच. देह कोणाचा आणि कोणाला विचारून घेतलेला, इथे माझं मत फिरलं.

ते फिरायला सुरुवात सापगावातच झाली. भावकीत एक दहावं होतं, त्यासाठी गेले होते. काठावरचे विधी उरकून मंडळी घरी परतली होती आणि पडवीत माझे थोरले चुलते बसले होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. ते पूर्वी पोलीस पाटील होते. बोलता बोलता माझ्या कामाचा विषय निघाला. मुलांना शिकवायला तुम्ही माणसं आणता कुठून, असं त्यांनी विचारलं. मी कायदा सांगितला, बेवारस देहांचं सांगितलं. तात्या जरा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांच्या पाटीलकीच्या काळातलं सांगू लागले. धरणाचे दरवाजे उघडले की भातसा कधीकधी माणूस आणून टाकते. असा कोणी काठाला लागला की पोलिसांना कळवायचं, पंचनामा करायचा, शहापूरला पोस्टमार्टमला न्यायचा.

“नाव ठावं नाय, गाव ठावं नाय. जात तर कुनी इचारायचीच नाय,” तात्या म्हणाले. “पोलीस म्हनायचे, पाटील, आता तुमीच बघा. मंग आपन बघायचो. घराघरातनं लाकडं गोळा करायची, चार पोरं बोलवायची, अन् आपल्या मानसासारखी आग द्यायची. एकदा तर तिसऱ्या दिशी राख सावडायला पन आमीच गेलो.”

मग त्यांनी मला विचारलं, “तुमच्याकडं येतो त्याला कोन आग देतं?”

मी सांगितलं, की शिक्षण पूर्ण झालं की अवशेषांची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावतात, हॉलमधले मामा ते काम बघतात.

“अन् तुमच्याकडं नेताना त्याला कुनी इचारलेलं का, तू चालशील का म्हनून?”

मी म्हटलं, तात्या, मेलेल्या माणसाला कसं विचारणार, कायद्याने परवानगी आहे.

“म्हंजे कायद्याला इचारलं,” तात्या म्हणाले. “त्याला नाय इचारलं.”

ते वाद घालायला बसलेले नव्हते. त्यांनी तंबाखूची पुडी काढली आणि विषय लावणीच्या मजुरीकडे नेला. पण त्या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या माणसाशी काही नातं नाही त्यालाही गावाने आपलं मानून आग दिली. आणि तसाच माणूस शहरातल्या रुग्णालयात मेला असता, तर त्याच्या देहावर आमचा हक्क आपोआप लागू झाला असता. दोन्हीकडे माणूस अनोळखीच. गावाने त्याला काहीतरी दिलं, आम्ही त्याच्याकडून काहीतरी घेतलं, आणि घेताना ते विचारण्यासारखं आहे हेही आमच्या मनात आलं नाही.

त्यानंतर आमच्या विभागातली देहांची नोंदवही मी वेगळ्या नजरेने वाचली. अनुक्रमांक, आल्याची तारीख, कुठून आला, पुरुष की स्त्री, वय अंदाजे. नावाच्या रकान्यात ओळीमागून ओळ ‘अनोळखी’. मृत्यूचं कारण म्हणून क्षयरोग, अशक्तपणा, हृदयक्रिया बंद. यातली माणसं कोण असणार, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून कातकरी, ठाकर कुटुंबं बिऱ्हाड उचलून भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यातला एखादा एकटाच आजारी पडला, रस्त्यावर कोसळला, कोणीतरी उचलून सरकारी रुग्णालयात टाकला. जवळ कागद नाही, फोन नाही, बोलण्याची शुद्ध नाही. तो गेला. मुदत भरली. कागदावर त्याचं कोणी नाही. आणि पाड्यावर त्याची बायको पावसाळाभर वाट बघते आहे. दुखावलं जाणारं कोणी नाही, हा माझ्या जुन्या मताचा मुख्य आधार होता, आणि तो इथे कोसळला. दुखावलं जाणारं माणूस असतं. त्याच्यापर्यंत बातमी पोहोचलेली नसते, एवढंच.

तेव्हा मला काही वर्षांपूर्वीचं एक टेबल आठवलं. स्त्रीचा देह होता, वय साठीच्या आसपास. देह टिकवण्यासाठी मांडीतल्या रोहिणीतून फॉर्मॅलिन, फिनॉल, ग्लिसरीन, स्पिरिट यांचं मिश्रण कित्येक लिटर आत सोडतात आणि मग देह टाकीत ठेवतात. त्याने कातडी करडी, जाड होते. तरीही त्या बाईच्या डाव्या हाताच्या पुढच्या भागावर गोंदण स्पष्ट होतं. ठिपक्यांची तुळस, खाली तीन ठिपके, आणि हनुवटीवर आणखी एक. विच्छेदनात पहिली जाते ती कातडीच. मनगटापासून कोपरापर्यंत सरळ छेद घ्यायचा, दोन्ही बाजूंना आडवे छेद घ्यायचे, आणि पिवळी चरबी खाली ठेवत कातडी अलगद सोलायची, म्हणजे वरवरच्या शिरा आणि संवेदनेच्या नसा तुटत नाहीत. एका मुलीने विचारलं, मॅडम, हे गोंदण कातडीबरोबर निघून येईल का? मी सांगितलं, गोंदणाचा रंग कातडीच्या आतल्या थरात, डर्मिसमध्ये बसतो. वरचा थर सतत गळून नवा येतो, म्हणून रंग तिथे टिकत नाही, आत टिकतो. तो कातडीबरोबरच निघेल. उत्तर बरोबर होतं. पण तसं गोंदण मी लहानपणापासून बघत आले होते, आमच्या शेतावर लावणीला येणाऱ्या बायकांच्या हातांवर. त्या बाईने ते गोंदण कोणत्या तरी जत्रेत, कोणाच्या तरी मांडीवर हात ठेवून करून घेतलं असणार. तिला मेल्यावर आपला हात कोणाच्या कामी यावा असं वाटलं असतं की नसतं, मला माहीत नाही. तिला विचारलं असतं तर कदाचित ती हो म्हणाली असती. पण विचारलं नव्हतं.

मग मी माझ्या विषयाचा इतिहास या बाजूने तपासला, आणि सगळीकडे तेच दिसलं. एडिंबरोत १८२८ साली बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसं मारून त्यांची प्रेतं ॲनाटॉमीच्या शिक्षकाला विकली. त्या हादऱ्यानंतर ब्रिटनने १८३२ साली कायदा केला आणि गरिबांसाठीच्या वर्कहाउसमध्ये मरणाऱ्या बेवारसांचे देह महाविद्यालयांना खुले केले. खून थांबले, पण देह गरिबाचेच राहिले. आमचा १९४९ चा कायदा त्याच वळणावरचा आहे. व्हिएन्नाच्या एडुआर्ड पर्नकॉफच्या ॲटलासमधली रंगीत चित्रं इतकी सुंदर आहेत की ती बघून आमच्या पिढीचे शिक्षक हरखून जायचे. पर्नकॉफ नाझी पक्षाचा सदस्य आणि तिथल्या वैद्यकीय विद्याशाखेचा प्रमुख होता. व्हिएन्ना विद्यापीठाने पुढे चौकशी केली तेव्हा नाझी काळात फाशी आणि शिरच्छेद झालेल्या निदान १,३७७ जणांचे देह त्या विभागात आल्याचं निष्पन्न झालं. आणि आपल्याकडे? कलकत्त्याहून जगभर माणसांच्या सांगाड्यांचा व्यापार चालायचा. १९८५ साली सरकारने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा तो उघड धंदा थांबला. आम्ही पहिल्या वर्षाला सीनियरकडून हाडांचा हाफ सेट विकत घ्यायचो, पुढच्या वर्षी ज्युनियरला विकायचो. ते मनगट, तो खुबा, ते पाठीचे मणके कोणाचे, हे विचारायची पद्धतच नव्हती.

वर्कहाउसमधला म्हातारा, व्हिएन्नातला कैदी, भिवंडीच्या भट्टीवरचा मजूर. शतकं वेगळी, देश वेगळे, आणि तरी टेबलावर येणारा माणूस एकाच जातकुळीचा, नाही म्हणण्याची ताकद नसलेला. शरीररचनेचं सगळं ज्ञान या माणसांच्या जिवावर उभं आहे. ते ज्ञान टाकून देता येत नाही आणि टाकूही नये. पण पुढचं ज्ञान कसं मिळवायचं, ते आपल्या हातात आहे. जगभरच्या ॲनाटॉमी संघटनांच्या महासंघाने २०१२ सालीच शिफारस केली, की अध्यापनासाठी फक्त स्वेच्छेने दिलेले देह वापरावेत. मी ती शिफारस वाचली तेव्हा ती श्रीमंत देशांना परवडणारी वाटली होती. आज ती मला किमान माणुसकीची वाटते.

सहकारी विचारतात, मग शिकवायचं कसं? देह कमी पडतील त्याचं काय? अडचण खरी आहे, पण तिच्यावर वाटा आहेत. एका अनुभवी शिक्षकाने काळजीपूर्वक सोडवलेला नमुना अनेक तुकड्यांना वर्षानुवर्षं दाखवता येतो. १९७७ साली जर्मनीत गुंथर फॉन हागेन्सने शोधलेल्या प्लास्टिनेशनमध्ये पेशींतलं पाणी आणि चरबी काढून तिथे प्लास्टिक भरतात. असे नमुने कोरडे, वास नसलेले आणि टिकाऊ असतात. संगणकावरचं आभासी विच्छेदन उजळणीला चांगलं आहे. यातलं काहीही पूर्ण देहाची जागा घेत नाही, पण प्रत्येक देहाचा उपयोग कितीतरी वाढवतं. आणि मुख्य म्हणजे, मागितल्याशिवाय मिळत नाही. डोंबिवलीत दधीची देहदान मंडळासारख्या संस्थांनी माणसांना समजावून सांगितलं, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतून लोक पुढे आले. आमच्याकडे शहापूर-मुरबाडला कोण विचारायला आलं? बेवारस मिळतात तोवर महाविद्यालयाला विचारायची गरजच वाटत नाही, हेच खरं कारण आहे.

संमतीने आलेला देह शिकवतोही जास्त. अनोळखी देहात पित्ताशय सापडलं नाही तर आम्ही तर्क करतो. देहदात्याच्या बाबतीत घरचे सांगतात, कुठल्या वर्षी काय दुखत होतं आणि कधी ऑपरेशन झालं. मुलांना मग ती जखम, तो व्रण, तो बसवलेला खुब्याचा कृत्रिम सांधा एका माणसाच्या आयुष्याला जोडता येतो. आपल्याकडच्या हाडांची मापं, आपल्या माणसांच्या गुडघ्याचा आकार, याचा अभ्यासही अशाच देहांवर नीट होतो, कारण वय, काम, आजार यांची माहिती हाताशी असते. तैवानमधल्या त्सू ची विद्यापीठात विद्यार्थी विच्छेदनाआधी देहदात्याच्या घरी जातात, त्याची हकिकत ऐकतात, आणि शेवटी देह पुन्हा शिवून घरच्यांसोबत अंत्यसंस्काराला उभे राहतात. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमातही देह हा आपला पहिला शिक्षक आहे, असा स्वतंत्र पाठ आला आहे. पहिल्या दिवशी मुलं शपथ घेतात, फुलं वाहतात. हे मला मनापासून आवडतं. पण ज्या शिक्षकाला शिकवायला यायचं की नाही हे विचारलंच नाही, त्याच्यापुढे घेतलेली शपथ अर्धीच राहते.

गावात मी आता हे बोलते, तेव्हा बायका पहिल्यांदा विचारतात ते उत्तरकार्याचं. देहच दिला तर दहाव्याला काय करायचं, जीव अडकून राहणार नाही का? मी त्यांना सांगते, पुरात वाहून गेलेल्याचा, परदेशी मेलेल्याचा देह हाती लागला नाही, तर दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिमा करून संस्कार करण्याची रीत आपल्या शास्त्रात जुनीच आहे. पिंड ठेवता येतो, दहावं-तेरावं करता येतं. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेले नानाजी देशमुख आयुष्यभर धर्म मानून जगले. २०१० साली चित्रकूटला ते गेले आणि त्यांचा देह त्यांच्या इच्छेनुसार दिल्लीच्या एम्सला दिला गेला.

मग व्यवहाराचं सांगते. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ॲनाटॉमी विभागात अर्ज मिळतो. आमच्या बाजूला कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अर्जावर स्वतःची सही आणि साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि त्या घरच्यांच्याच असाव्यात. कारण मरणानंतर फोन करायचा तो त्यांनीच. त्यांचं मन नसेल तर अर्ज कपाटात राहतो. देह काही तासांत पोहोचवावा लागतो. सोबत डॉक्टरने दिलेला मृत्यूचा दाखला लागतो. अपघात, आत्महत्या, पोस्टमार्टम झालेला देह किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर महाविद्यालय नकार देतं, त्यात अपमान मानू नये. डोळे आधी दान केले तरी देह चालतो. हे सगळं आधी स्वच्छ सांगितलं की लोक घाबरत नाहीत, प्रश्न विचारतात.

मी माझा अर्ज भरला आहे. मुलाने आणि मुलीने साक्षीदार म्हणून सह्या केल्या. तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तू दे गं. मला मातर भातसेच्या काठालाच न्या.” त्यांचं हे म्हणणं मी लिहून ठेवलं आहे आणि आमच्या घरात ते पाळलं जाईल. विचारायचं म्हणजे नकारही ऐकून घ्यायची तयारी ठेवायची. तात्यांच्या नकाराला जेवढी किंमत, तेवढीच नोंदवहीतल्या प्रत्येक अनोळखी माणसाच्या न विचारल्या गेलेल्या उत्तराला होती.

२०२४ साली महाराष्ट्रात एकाच वेळी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यातलं एक आमच्या ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथला आहे. आमच्या पाड्यांवरची मुलं तिथे शिकतील, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. नव्या महाविद्यालयांना जुन्या सवयी नाहीत, म्हणून त्यांच्याकडूनच सुरुवात व्हावी. त्यांनी पहिल्या वर्षापासून गावोगाव जाऊन देहदानाचं सांगावं, प्रत्येक दात्याची नोंद नावाने ठेवावी, काम संपल्यावर राख घरच्यांच्या हाती द्यावी. विधिमंडळाने १९४९ च्या कायद्यातली बेवारस देहांची तरतूद मुदत ठरवून टप्प्याटप्प्याने बंद करावी, आणि तोवर प्रत्येक अनोळखी देहाच्या घरच्यांचा शोध पाड्यापर्यंत, ग्रामपंचायतीपर्यंत, पोलीस पाटलापर्यंत खरोखर घेतला जावा. माझ्या विषयातल्या सहकाऱ्यांना हे अवघड वाटेल. मलाही वाटत असे. पण ज्याला नाही म्हणता आलं असतं आणि तरी जो हो म्हणाला, त्याच्याच देहावर आपले डॉक्टर शिकावेत, याहून कमी काही आता मला मान्य होत नाही.